एमडी, व्हाया मोखाडा!

एमबीबीएस, मग एण्ट्रन्स, मग मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात तीन वर्षं… आणि मधेच तीन महिने थेट जिल्ह्याच्या हॉस्पिटलात मुक्काम! २०२१च्या बॅचपासून प्रत्येक एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरला ही वारी चुकलेली नाही. जव्हार-मोखाड्याच्या वळणावळणाच्या रस्त्यावरून अशाच एका पोस्टिंगचा हा आँखो देखा हाल.

समजा, उद्या सकाळी तुमच्या एचआरचा मेल आला. विषय : ट्रेनिंग. तुम्ही मनातल्या मनात लोणावळ्याचं रिसॉर्ट, टीम बिल्डिंगचे गेम्स आणि बुफे लंच असं सगळं रंगवून मोकळे! मेल उघडता तर काय? तीन महिने अशा एका ब्रँचला जायचंय, जिथे तुमचा बॉस नाही, तुमच्या टीममधलं कुणी नाही, अर्धी मशिन्स नाहीत आणि कस्टमर मात्र सकाळी आठपासून दारात उभा. खाली बारीक अक्षरात तळटीप : हे ट्रेनिंग नीट पूर्ण केल्याचं सर्टिफिकेट नसेल, तर प्रमोशनच्या परीक्षेला बसता येणार नाही.

आपल्यापैकी निम्म्यांनी लंच टाइममध्येच रेझ्युमे अपडेट करायला घेतला असता. पण तुमच्या-माझ्याच वयाच्या हजारो मुला-मुलींना हा मेल खरंच येतो. ते सगळे डॉक्टर आहेत, म्हणजे पोस्टग्रॅज्युएशन करणारे डॉक्टर. या ट्रेनिंगचं कागदोपत्री नाव डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी प्रोग्रॅम. डॉक्टर मंडळींच्या भाषेत नुसतं ‘डीआरपी’. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने सप्टेंबर २०२० मध्ये हा नियम आणला. त्याच महिन्यात कौन्सिल गेलं आणि त्याच्या जागी नॅशनल मेडिकल कमिशन, म्हणजे एनएमसी आलं. नियम मात्र टिकला. २०२१ पासून अॅडमिशन घेतलेल्या प्रत्येक एमडी आणि एमएसच्या विद्यार्थ्याला तीन महिने जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेत काम करावंच लागतं.

रेसिडेण्ट म्हणजे काय रे भाऊ?

आधी एक बेसिक फंडा क्लिअर करू या. रात्री तीन वाजता तुम्ही आजोबांना घेऊन एखाद्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेलात, तर समोर येणारा, डोळे तांबारलेला, अॅप्रनच्या खिशात चार पेनं कोंबलेला तो मुलगा कोण असतो? तो डॉक्टर असतोच, पण विद्यार्थीही असतो. एमबीबीएस झालेला, एमडी किंवा एमएस करत असलेला. त्याला म्हणतात रेसिडेण्ट.

हा शब्द आला त्यांच्या राहण्यावरून. अमेरिकेत बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ मध्ये सुरू झालं. तिथे विल्यम ऑस्लर यांनी शिकाऊ डॉक्टरांना हॉस्पिटलच्या आवारातच राहायला लावलं. पुस्तक पेशण्टच्या कॉटशेजारी वाचायचं, ही त्यामागची कल्पना. हीच पद्धत पुढे जगभर पसरली. आपल्याकडेही मोठ्या हॉस्पिटलांची गाडी याच मुलांच्या खांद्यावर चालते. किती चालते, याचा अंदाज हवा असेल तर हे बघा : २०२४ मध्ये एनएमसीने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर नेमलेल्या टास्क फोर्सने शिफारस केली, की रेसिडेण्टला आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये. ‘कमी करा’ म्हणून जो आकडा सुचवला तो ७४! आपण पंचेचाळीस तासांवर कुरकुर करतो.

तर सांगायचा मुद्दा असा, की हा विद्यार्थी शिकतो कुठे? मोठ्या शहरात. जिथे सीटी स्कॅन शेजारच्या बिल्डिंगमध्ये असतो, ब्लड बँक तळमजल्यावर असते आणि अडलं तर सिनिअर एका हाकेवर. आणि देशातला आजारी माणूस मोठ्या संख्येने राहतो कुठे? ते बघायला मी मनोरच्या फाट्यावरून आत वळले.

मनोर, विक्रमगड, जव्हार…

माझी एक शाळेतली मैत्रीण बालरोगात एमडी करतेय. गेल्या पावसाळ्यात तिचं डीआरपीचं पोस्टिंग या भागात होतं. तिच्या कॉलेजचं आणि हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बिचारीला अजून फायनलची परीक्षा द्यायचीय!

जव्हार आपल्याला माहीत असतं ते वीकेण्डपुरतं. दाभोसाचा धबधबा, मुकणे राजांचा जयविलास पॅलेस, सनसेट पॉइंट, धुक्यातले फोटो. मुंबईहून साधारण दीडशे किलोमीटर. अहमदाबाद हायवे सोडला की विक्रमगड आणि मग घाट. पावसाळ्यात सगळं इतकं हिरवं, की कॅमेरा आत ठेवावासाच वाटत नाही. जव्हारच्या पुढे मोखाडा. तिथून रस्ता त्र्यंबकेश्वर-नाशिककडे जातो. वारली प्रिंटचा कुर्ता आपल्या सगळ्यांच्या कपाटात एक तरी असतोच. वारली माणसं इथे राहतात. सोबत कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. २०११च्या जनगणनेत जव्हार तालुक्यात सुमारे १ लाख ४० हजार माणसं होती, मोखाड्यात सुमारे ८३ हजार आणि दोन्हीकडे दहातले नऊ जण आदिवासी.

आणि एक गोष्ट, जी मलाही तिथे जाईपर्यंत नीट ठाऊक नव्हती. मुंबईकरांनो, तुम्ही सकाळी शॉवर सुरू करता, त्यातलं काही पाणी मोखाड्याचं असतं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळे गावापाशी आहे. २०१४ पासून मुंबईच्या पाणीपुरवठ्यात त्याने दिवसाला ४५५ दशलक्ष लिटरची भर घातली. त्याच मोखाड्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. तेव्हा ‘आपला काय संबंध?’ हा प्रश्न आपण न विचारलेलाच बरा.

पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. पण मोखाड्याच्या पेशण्टला आजही मोठ्या हॉस्पिटलसाठी पालघरपेक्षा नाशिक सोयीचं पडतं. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग जव्हारचं पतंगशाह कुटीर रुग्णालय नाहीतर थेट नाशिकचं सिव्हिल. नकाशावर ही नुसती एक रेघ आहे. पावसात, रात्री, सातव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या बाईसाठी ही रेघ किती लांब असते, ते आपण गूगल मॅपवर मोजू शकत नाही.

सिलॅबसबाहेरचा सिलॅबस

मैत्रीण पहिल्या आठवड्यात जाम वैतागली होती, हे तिनेच कबूल केलं. कॉलेजात तिच्या हाताखाली व्हेंटिलेटर होते, वॉर्मर होते, पन्नास प्रकारच्या टेस्ट होत्या. इथे लाइट गेली की आधी टॉर्च कुठे आहे ते आठवायचं. पण महिन्याभराने मी भेटले तेव्हा तिची बोलण्याची पट्टीच बदलली होती. या मधल्या काळात ती जे शिकली, त्यातल्या तीन गोष्टी मला पार हलवून गेल्या.

पहिली गोष्ट एक पट्टी. कागदी टेपसारखी, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाची. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या दंडाला ती गुंडाळायची. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी आला की बाळ तीव्र कुपोषित. बस्स, मशिन नाही, रिपोर्ट नाही. अंगणवाडीच्या ताई हे रोज करतात. एमडीच्या पुस्तकात ही ओळ असतेच, पण पट्टी स्वतःच्या हाताने लालवर थांबताना बघणं वेगळं. पुढचं तर आणखी वेगळं. आपल्याला वाटेल, उपाशी बाळ आहे ना, मग द्या पोटभर! तर तसं अजिबात करायचं नसतं. अशा बाळाचं शरीर इतकं थकलेलं असतं, की एकदम भरपूर खाणं त्याला झेपत नाही, ते जिवावरही बेतू शकतं. आधी ऊब, मग साखर, मग थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी. आणि हे रात्रभर कोण करणार? आई. तिची घरी आणखी दोन मुलं असतात आणि शेतात आवणी सुरू असते. तिला चौदा दिवस दवाखान्यात थांबायला तयार करणं, हा खरा उपचार. त्यासाठी एमडीला कुठला पेपर नाही.

दुसरी गोष्ट टेस्टट्यूबची. पावसाळा म्हणजे इथे सापांचा सीझन. शेतात, घरात, झोपलेल्या पोराच्या अंथरुणात. साप कुणी बघितलेला असतो, कुणी नसतो. विष रक्तावर काम करतंय का, हे कळायला लॅब हवी असं आपल्याला वाटेल. तर नाही! काचेची कोरडी, स्वच्छ ट्यूब घ्यायची, त्यात दोन मिली ताजं रक्त घालायचं आणि वीस मिनिटं अजिबात हलवायचं नाही. मग एकदाच तिरपी करून बघायची. रक्त गोठलं नाही, पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशासारख्या सापाचं विष असण्याची दाट शक्यता. नाग किंवा मण्यार असेल तर रक्त गोठतं, पण पापण्या मिटायला लागतात, श्वास जड होतो. म्हणून डोळे ट्यूबवरही ठेवायचे आणि पोराच्या चेहऱ्यावरही. या चारही सापांवर चालणारी लस सरकारी दवाखान्यात मिळते. मैत्रिणीने ही टेस्ट पहिल्यांदा नीट केली ती इथल्या एका सिनिअर सिस्टरकडून शिकून. ती वीस मिनिटं आयुष्यातली सगळ्यात मोठी वीस मिनिटं होती, असं तिचं म्हणणं.

तिसरी गोष्ट ऊब. कमी वजनाच्या नवजात बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, कापडाने बांधून ठेवायचं. कांगारू पिल्लाला ठेवते ना, तसं. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगार रे यांनी इन्क्युबेटर पुरत नाहीत म्हणून ही पद्धत सुरू केली. आज जगभर ती मानाने वापरली जाते, मुंबईतल्या हॉस्पिटलांतसुद्धा. पण जिथे लाइट जाते तिथे ती ऑप्शन नसते, तीच मशिन असते.

आणि हो, प्रश्न विचारायची पद्धत! शहरात बाळाची हिस्ट्री घेताना ती ताप कधीपासून, जुलाब किती वेळा असं विचारायची. इथे पहिला प्रश्न आला : भट्टीवरून कधी आलात? दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, रेतीच्या नाहीतर बांधकामाच्या कामावर भिवंडी, कल्याण, वसईकडे जातात. म्हणजे बाळाची लस चुकलेली, अंगणवाडीतलं खाणं तुटलेलं, आईचं गरोदरपणातलं कार्ड दुसऱ्याच तालुक्यात. पावसाच्या तोंडावर घरी येतात तेव्हा कणगीतलं धान्य संपत आलेलं. जुलै-ऑगस्टमध्ये वॉर्ड का भरतो, याचं उत्तर स्टेथोस्कोपने ऐकू येत नाही.

हेडलाइन आणि त्यामधली वर्षं

या दोन तालुक्यांची नावं आपण पेपरात कधी वाचतो? १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी कुपोषणाने गेलेल्या बालकांमुळे देशभर गाजलं. २०१६ मध्ये मोखाड्यातले बालमृत्यू पुन्हा पहिल्या पानावर आले. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाड्यातल्या बोटोशीजवळच्या मर्कटवाडीत एका बाईची घरीच, वेळेआधी प्रसूती झाली, जुळी मुलं गेली, आणि रक्तस्राव होत असलेल्या आईला रस्ता नसल्यामुळे झोळी करून डोंगरातून खाली आणावं लागलं. जून २०२५ मध्ये याच तालुक्यातल्या एका बापाने नाशिकहून आपल्या मृत अर्भकाला पिशवीत घालून एसटीने गावी आणलं. अॅम्ब्युलन्सवरून नंतर आरोप-प्रत्यारोप झाले, पिशवी मात्र खरी होती.

दरवेळी मंत्री येतात, कॅमेरे येतात, योजना येतात. योजनांनी काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २००५ नंतर आशाताई आल्या, २०१५ मध्ये गरोदर बायकांना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना आली. पण हेडलाइन आणि हेडलाइनच्या मधल्या वर्षांत तिथे डॉक्टर कोण असतो, हा प्रश्न उरतोच. केंद्र सरकारच्याच २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातल्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर जितके स्पेशालिस्ट हवेत, त्यातले सुमारे ८० टक्के कमी होते. प्रत्येक ठिकाणी सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ असे चार जण असणं अपेक्षित. म्हणजे चार खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या आणि चौथीतलाही अधूनमधून रजेवर.

गंमत बघा, पीजीच्या जागा काही कमी झालेल्या नाहीत. २०१४ मध्ये देशात त्या सुमारे ३१ हजार होत्या. पुढच्या दहा वर्षांत ७० हजारांच्या वर गेल्या. डॉक्टर वाढले, स्पेशालिस्ट वाढले. ते मनोरच्या फाट्यावरून आत वळले नाहीत, इतकंच.

(चौकट)
डीआरपी एका नजरेत

- कोण : एमडी आणि एमएसचे सगळे विद्यार्थी, २०२१च्या बॅचपासून.
- कधी : तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सेमिस्टरमध्ये, सलग तीन महिने.
- कुठे : जिल्हा रुग्णालय आणि जिल्ह्याची आरोग्ययंत्रणा. आधी हॉस्पिटल किमान १०० खाटांचं हवं होतं, डिसेंबर २०२३च्या नियमांत ही अट ५० खाटांवर आली.
- काम : आपापल्या विषयाची ओपीडी, वॉर्ड, कॅज्युअल्टी, नाइट ड्युटी. शिवाय जिल्ह्यातल्या आरोग्य कार्यक्रमांची ओळख.
- पगार : स्टायपेंड कॉलेजकडून नेहमीसारखाच सुरू.
- सोय : राहण्याची व्यवस्था आणि गरजेप्रमाणे, विशेषतः महिला डॉक्टरांसाठी, सुरक्षा देण्याची जबाबदारी स्थानिक यंत्रणेची.
- अट : डीआरपी समाधानकारक पूर्ण केल्याशिवाय फायनल परीक्षेला बसता येत नाही.

ट्रेनिंग की गॅप-फिलिंग?

आता दुसरी बाजू. सगळ्यांनाच ही वारी आवडते असं नाही, आणि त्यांच्या तक्रारी नुसत्या लाडावलेल्या शहरी पोरांच्या तक्रारी नाहीत. मैत्रिणीच्या ग्रुपमधल्या काही जणांशी मी बोलले. कुणाचं म्हणणं, सर्जरीचा रेसिडेण्ट पाठवला, पण भूल द्यायला माणूस नाही, मग तीन महिने तो ड्रेसिंग करत बसला. कुणाच्या विषयाला लागणारं मशिनच तिथे नाही. शिकवायला सिनिअर स्पेशालिस्ट असतो असं कागदावर म्हटलंय, पण तो असता तर खुर्ची रिकामी कशाला असती? थिसिस मागे पडतो. तिकडे कॉलेजच्या डिपार्टमेण्टमध्ये एक जण कमी झाल्याने उरलेल्यांच्या नाइट्स वाढतात. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आरजी कर हॉस्पिटलात ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला, त्यानंतर एकट्या मुलीने अनोळखी गावात नाइट करायची म्हटल्यावर घरच्यांच्या पोटात गोळा येतोच. महानगरातही सुरक्षा मिळाली नव्हती, हे आठवून तर जास्तच.

पेशण्टच्या बाजूनेही बघू या. दर तीन महिन्यांनी नवा चेहरा. आज एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळाला पुन्हा पंधरा दिवसांनी आणा. पंधरा दिवसांनी दुसऱ्याच बाई. आधीच्या औषधाचं काय ते त्यांना ठाऊक नाही. विश्वास बसायचा कसा? भगताकडे का जातात, असं आपण नाक मुरडून विचारतो. एक कारण साधं आहे : भगत तिथेच राहतो. त्याचं पोस्टिंग संपत नाही.

मला स्वतःला काय वाटतं? तीन महिन्यांच्या पाहुण्याला कायमच्या डॉक्टरच्या जागी उभं करून आकडे पूर्ण झाले असं कुणी दाखवत असेल, तर ती शुद्ध फसवणूक आहे. पेशण्टची आणि शिकणाऱ्याचीही. पण शिकण्याची जागा म्हणून बघितलं तर अशी शाळा शहरात कितीही फी भरून मिळणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. कुठली जास्त खरी ठरते, हे हॉस्पिटलात शिकवणारा माणूस हजर आहे की नाही, यावर ठरतं.

आयडिया जुनीच आहे

तीन महिन्यांचा हा आकडा तसा नवा नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल दिला. भारतीय डॉक्टरला सामाजिक वैद्यकाचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण हवं, असं त्यात म्हटलं होतं. आजाराच्या मागे उभं असलेलं घर, पाणी, अन्न बघू शकणारा डॉक्टर त्यांना हवा होता. १९७७ मध्ये सरकारने प्रत्येक मेडिकल कॉलेजला ग्रामीण विभाग दत्तक द्यायची योजना आणली. गाड्या आल्या, उद्घाटनं झाली, आणि हळूहळू गाड्या कॉलेजच्या आवारात गंजल्या.

मग टिकलं काय? आपल्याच महाराष्ट्रात बघा. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात, जे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलं, पहिल्या वर्षाच्या मुलांना खेड्यात राहायला नेतात आणि कुटुंबांशी बांधून देतात. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७०च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचवाने माणसं मरत होती आणि पुस्तकात उत्तर नव्हतं. ते पुण्याला एमडी करायला गेले ते तो प्रश्न सोबत घेऊन, आणि परत महाडलाच आले. रक्तदाबाच्या प्राझोसिन या गोळीचा विंचूदंशावर वापर त्यांनी जगाला दाखवला, लॅन्सेटने त्यांचं काम छापलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांतले नवजात मृत्यू तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. आज आशाताई घरोघरी जाऊन बाळाचं वजन करतात, त्याची मुळं तिथे आहेत.

या सगळ्यांत कॉमन फॅक्टर काय? प्रश्न गावातून आला, आणि तो सुटेपर्यंत कुणीतरी तिथे राहिलं. करिअरच्या भाषेत सांगायचं तर जगात कुणाकडे नसलेला प्रॉब्लेम त्यांना दारात मिळाला आणि त्यांनी तो सोडला नाही.

उलट्या दिशेची एसटी

म्हणूनच मला वाटतं, शहरातून तीन महिने येणाऱ्यांइतकंच लक्ष उलट्या दिशेच्या एसटीकडे द्यायला हवं. म्हणजे जे एमबीबीएस डॉक्टर आधीपासून आरोग्य केंद्रात काम करताहेत, त्यांना पीजीला जायची वाट. ३१ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की राज्यांना अशा सेवेतल्या डॉक्टरांसाठी पीजीच्या जागा राखून ठेवता येतील. महाराष्ट्राने २०२२ मध्ये अशा डॉक्टरांसाठी २० टक्के जागा ठेवल्या. पाड्यांच्या वाटा ठाऊक असलेला डॉक्टर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा भूलतज्ज्ञ होऊन परत आला, तर त्याला पहिल्या महिन्यात वैतागायला वेळच नाही लागणार, सगळं माहितीचंच!

बाकी बाँड आहेच. राज्यातल्या सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजात शिकलात, तर एक वर्ष सरकारी सेवा, नाहीतर दंड. पीजीला ५० लाख. पण दंडाच्या धाकाने आलेला डॉक्टर दिवस मोजतो. चांगलं क्वार्टर, चालू नेटवर्क, भूल देणारा सोबती आणि शिकवणारा सिनिअर मिळाला, तर तोच डॉक्टर कदाचित पेशण्ट मोजेल. आपण नाही का, पगारापेक्षा टीम बघून नोकरी टिकवतो?

वहीतलं गाव

मैत्रिणीने पोस्टिंगच्या शेवटच्या महिन्यात एक काम केलं. कुणी सांगितलं नव्हतं, मार्क नव्हते. एक साधी दोनशे पानी वही घेतली आणि पुढच्या रेसिडेण्टसाठी लिहायला सुरुवात केली. कुठल्या पाड्याचा रस्ता पहिल्या मोठ्या पावसात तुटतो. कुठल्या आशाताईंच्या घरी रेंज येत नाही, म्हणून निरोप शेजारच्या पाड्यावर द्यावा लागतो. कुठली बाळं लाल पट्टीवर आहेत, त्यांची पुढची तारीख कधी. कुठल्या बायकांना आठवा महिना आहे आणि नदीच्या पलीकडे घर आहे, त्यांना आधीच कुठे आणून ठेवायचं. ओठ निळे पडलेल्या बाळाला नाशिकला पाठवताना चिठ्ठीत काय लिहावं. सिस्टरना चहा कधी विचारावा, हेही!

या वहीतल्या काही ओळी सिस्टरनी सांगितल्या आहेत, काही आशाताईंनी, एक-दोन अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरदादांनी. एमडीच्या तीन वर्षांत तिने लिहिलेला हा एकच दस्तऐवज असा, ज्याचा गाइड गावच होतं.

पुढे नवजात बालकांमधली फेलोशिप करायची की बाँडचं वर्ष याच भागात मागून घ्यायचं, हे तिने अजून ठरवलेलं नाही. घरी लग्नाचं चाललंय, लोन आहे, सगळं तुमच्या-माझ्यासारखंच. मी तिला सल्ला दिला नाही. पण वहीचं काय झालं ते विचारलं. तिच्या जागी आलेल्या मुलाने पहिल्याच आठवड्यात फोन करून दोन नावांचं अक्षर लागत नाही म्हणून विचारलं होतं. त्यातल्या एका बाळाची तारीख दुसऱ्या दिवशीची होती. आशाताई त्याला घेऊन आल्या. पट्टी लालवरून पिवळ्यावर सरकली होती.